यंदा पाऊस कसाय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी गंगापूर रोडवरच्या घरी पर्जन्यमापक ठेवून पाऊस मोजतोय. मेव्हण्याची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे, त्यामुळे हा नुसता छंद राहिलेला नाही. एप्रिलच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत मला जे प्रश्न येतात ते साधारण ठरलेले असतात. दर वर्षी तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

यंदा पाऊस कसाय?

कुठला पाऊस विचारताय, त्यावर उत्तर आहे. एप्रिलच्या मध्यावर हवामान खातं जो आकडा सांगतं तो सगळ्या देशाचा, जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचा मिळून असतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, आणि तिच्या तुलनेत किती टक्के पाऊस पडेल ते सांगितलं जातं. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका, ९०च्या खाली म्हणजे तुटीचा, ११०च्या वर म्हणजे खूपच जास्त. मेअखेरीस हाच आकडा सुधारून येतो आणि सोबत जूनचा अंदाज मिळतो. पुढे जूनअखेरीस जुलैचा आणि जुलैअखेरीस उरलेल्या दोन महिन्यांचा येतो.

या आकड्यात नाशिक कुठेच नाही. इगतपुरीही नाही आणि येवलाही नाही.

पण "१०५ टक्के" म्हणजे आपल्याकडेही जास्तच ना?

नाही. देशाची सरासरी काढताना राजस्थानातला जादा पाऊस आणि आसामातली तूट एकमेकांत मिसळून जातात. देशाचा आकडा वर्षागणिक साधारण दहा टक्क्यांनी खालीवर होतो. एका तालुक्याचा त्याच्या कितीतरी पट हलतो.

आपल्या जिल्ह्याची तर तऱ्हाच वेगळी. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्र्यंबकला दोन हजारांच्या पुढे, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि येवला-नांदगावकडे पाचशे म्हणजे बरं वर्ष. त्र्यंबकहून नाशिक जेमतेम तीस किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस निम्म्याहून कमी होतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे पडतात. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा शिकायचा असेल तर त्र्यंबकहून सिन्नरकडे जाणाऱ्या एसटीत बसा.

खात्याच्या लेखी आपण "मध्य महाराष्ट्र" या विभागात मोडतो. त्यात नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत सगळे आले. कोल्हापूरचा पाऊस आणि सोलापूरचा पाऊस यांची सरासरी काढून चांदवडच्या माणसाला काय कळणार?

आणखी एक गोम. जिल्ह्याच्या आकडेवारीत उणे १९ ते अधिक १९ टक्के या सगळ्याला "सरासरी" म्हणतात. म्हणजे अठरा टक्के तूट असली तरी नकाशात जिल्हा हिरवा दिसतो. नकाशाचा रंग बघून निर्धास्त होऊ नका, खालचा आकडा वाचा.

हा अंदाज काढतात तरी कसा?

याची गोष्ट मोठी आहे आणि मला सांगायला आवडते. १८८६ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पहिला अधिकृत अंदाज दिला. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा साधा आडाखा. पुढे गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचे गणिती, १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख. हा माणूस जगभरच्या तापमानाच्या, दाबाच्या नोंदी घेऊन बसला आणि त्याला दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला कमी होतो, झोपाळ्यासारखा. भारताचा पाऊस त्या झोपाळ्याला बांधलेला आहे. आज टीव्हीवर जे अल निनो-अल निनो चालतं त्याचं मूळ इथे, आपल्याच पावसाच्या शोधात आहे.

१९८८मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं सूत्र मांडलं. समुद्राचं तापमान, बर्फ, दाब, वरच्या थरातले वारे असं बरंच काही त्यात होतं. ते अनेक वर्षं चाललं. मग २००२ आलं. अंदाज होता १०१ टक्के आणि पाऊस झाला ८१ टक्के. त्या वर्षी जुलै जवळपास निम्मा कोरडा गेला. जुने शेतकरी अजून त्या जुलैचं नाव काढतात. त्यानंतर सूत्रं बदलली, घटक कमी केले. तरीही २००९मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्के होता आणि पाऊस झाला ७८.

आता पद्धत निराळी आहे. २०१२ साली मान्सून मिशन सुरू झालं. समुद्र आणि वातावरण दोन्ही महासंगणकात उभे करायचे, सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवायचं आणि किती उत्तरं कुठे झुकतात ते बघायचं. २०२१पासून अशी अनेक मॉडेलं एकत्र घेऊन अंदाज देतात. २०२४ला सांगितले १०६, झाले १०८. २०२५ला एप्रिलमध्ये सांगितले १०५, झाले १०८. २०२३ला सांगितले ९६, झाले ९४. तेव्हा "यांचं कधी खरं ठरतं का" हा पारावरचा विनोद आता जुना झालाय.

आकड्याच्या पुढे "पाच टक्के कमी-जास्त" असं लिहिलेलं असतं, ते मात्र बातमीच्या मथळ्यात येत नाही.

अल निनो आला म्हणजे दुष्काळ नक्की?

प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला-पूर्वेकडचा पट्टा नेहमीपेक्षा अर्धा अंश किंवा अधिक तापून तसाच राहिला की अल निनो म्हणतात. १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही सगळी अल निनोची वर्षं आणि सगळी वाईट. पण १९९७चा अल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक असूनही देशात पाऊस १०२ टक्के झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापलेला असला तर तो आपल्याला हात देतो. या स्थितीला द्विध्रुव म्हणतात. १९९७ला तो जोरात होता.

म्हणून अल निनोची बातमी आली की विहिरीचा गाळ काढा, चाऱ्याचं बघा. बियाणं परत करायला जाऊ नका.

मान्सून केरळात आला की नाशिकला किती दिवसांनी?

केरळची सरासरी तारीख १ जून, मुंबईची ११ जून, आपली त्याच्या पुढेमागे. पण ही रेल्वे नव्हे, मधल्या स्टेशनांवर कितीही वेळ थांबू शकते.

केरळात "आला" म्हणायलाही नियम आहेत. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, पश्चिमेचे वारे ठरावीक उंचीपर्यंत हवेत, आणि उपग्रहाला ढगांची पुरेशी दाटी दिसायला हवी. वळवाचे दोन शिंतोडे पडले म्हणून कुणी मान्सून जाहीर करत नाही.

२०२५चं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. २४ मेला केरळ, २६ मेला मुंबई. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. त्याआधी महिनाभर राज्यात पाऊस चालूच होता. आपल्याकडे काढून ठेवलेला उन्हाळ कांदा चाळीत जायच्या आधीच शेतात भिजला. आणि एवढी घाई करून आलेला मान्सून पुढे जूनच्या मध्यापर्यंत अडकून बसला. लवकर येणं आणि भरपूर पडणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

मग पेरणी कधी करायची?

कृषी खातं दर वर्षी सांगतं तेच: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (पेरणीजोगा ओलावा) आल्याशिवाय पेरू नका. मृगाच्या पहिल्या सरीला तिफण काढायची आणि मग तीन आठवडे आभाळाकडे बघत बसायचं, हे आपण फार वेळा केलंय. दुबार पेरणीचं बियाणं सावकार फुकट देत नाही.

यासाठी उपयोगाचा अंदाज कुठला? एप्रिलचा नाही. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, तो बघा. त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांवर बऱ्यापैकी भिस्त ठेवता येते. तिसरा-चौथा आठवडा म्हणजे नुसता कल. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, मेघदूत अॅपवर मराठीत मिळतो.

"तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी", "बहुतांश ठिकाणी"... हे शब्द म्हणजे हात झटकणं नाही का?

मलाही तसंच वाटायचं. पण हे मोजूनमापून ठेवलेले शब्द आहेत. विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी पावापर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक ठिकाणी, पाव ते निम्म्यांवर म्हणजे काही ठिकाणी, निम्मे ते पाऊण म्हणजे अनेक ठिकाणी, त्याच्या पुढे बहुतांश ठिकाणी. तुरळक म्हटलं असेल आणि तुमच्याकडे पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. चारातल्या तिघांकडे तो पडणारच नव्हता.

जोराचंही असंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार, २०४.५ किंवा अधिक म्हणजे त्याच्याही पलीकडचा. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटर ओलांडले की सरकारदरबारी अतिवृष्टी. पंचनाम्याच्या वेळी ६४ आणि ६६ यांत काय फरक असतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

ऑरेंज अलर्ट होता, शाळेला सुट्टी दिली, आणि दिवसभर ऊन! असं का?

अलर्ट जिल्ह्याला असतो. जिल्हा इगतपुरीपासून नांदगावपर्यंत पसरलेला आहे. बहुतेक वेळा अलर्टमध्येच "घाट परिसरात" असे शब्द असतात, ते मोबाइलवर पुढे ढकलताना गळतात. त्या दिवशी सुरगाणा-पेठच्या नोंदी बघा, मग खात्याला बोला.

शिवाय रंग पावसाचं माप सांगत नाही, तयारी सांगतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

मोबाइलवरचं अॅप तर तासातासाचं सांगतं. तेच बघितलं तर?

"दुपारी ३ वाजता ४० टक्के" हे वाचून कपडे वाळत घालायला हरकत नाही. पण ही अॅप्स बहुतेक जागतिक मॉडेलांवर चालतात. जगाचा नकाशा चौकोनांत कापायचा आणि प्रत्येक चौकोनाला एक उत्तर द्यायचं, अशी ती पद्धत. चौकोन दहा-वीस किलोमीटरचा असेल तर अंजनेरीचा डोंगर आणि सातपूरची एमआयडीसी एकाच घरात राहायला येतात. २०२५च्या मेमध्ये आपल्या खात्याने भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू केली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आधी बाराचा होता. फरक पडतो, पण घाटाची धार त्यातही पुरती मावत नाही.

पुढच्या दोन-तीन तासांसाठी रडार उत्तम. आपल्याला जवळची रडारं मुंबईची, दीडशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल आहे आणि किरण थोडा वर झुकवून सोडलेला असतो, म्हणून इथवर येईतो तो जमिनीपासून दोन किलोमीटरहून जास्त वर गेलेला असतो. वळवाचा, परतीचा उंच गडगडाटी ढग त्याला दिसतो. जुलैमधला तो बुटका, दिवसभर रिपरिपणारा ढग मात्र त्याच्या पायाखालून निसटतो. रडार कोरडं दाखवतंय आणि तुम्ही भिजताय, असं झालं तर कारण हे.

विजेसाठी दामिनी अॅप ठेवा. बागेत तारांच्या मांडवाखाली काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

शहरात थेंब नाही आणि गोदावरीला पूर! हे पाणी येतं कुठून?

वरून. गंगापूर धरण भरतं ते त्र्यंबक, आंबोली, काश्यपी या बाजूच्या पावसाने. कॉलेज रोडवर किती पडला याचा धरणाशी काही संबंध नाही. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशाकडे सरकला आणि त्याच वेळी कोकण किनाऱ्यालगतचा पट्टा जोरात असला, की घाटमाथ्यावर तीन-चार दिवस उसंत मिळत नाही. मोठे पूर बहुतेक अशाच वेळी येतात.

विसर्गाचे आकडे वाचायचे कसे ते सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. १,००० क्युसेक चोवीस तास सोडले तर ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी जातं. गंगापूरचा साठा सुमारे ५,६०० दशलक्ष घनफुटांचा. दहा हजार क्युसेकने दिवसभर सोडलं तर भरलेल्या धरणाचा सहावा हिस्सा एका दिवसात गेला. म्हणून जुलैत धरण काठोकाठ भरू देत नाहीत, पुढच्या पावसाला जागा ठेवतात. "पाणी वाया घालवलं" असं म्हणणारे ऑगस्टमध्ये "एकदम का सोडलं" म्हणतात.

होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या विसर्गापेक्षा मोठा असतो, कारण मधल्या भागाचं पाणी त्यात मिळतं. आणि आकडे नको असतील तर जुनं माप आहेच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजारातले लोक दुकानातला माल वर चढवायला लागतात, त्यांना कुणी अलर्ट पाठवावा लागत नाही. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या आठवणी जुन्या नाशकात अशा मारुतीच्या मापातच सांगतात.

घरी पाऊस मोजता येईल का? महागडं यंत्र लागतं का?

सरळ भिंतीचा कुठलाही डबा चालतो. तळाला रुंद, तोंडाला अरुंद असा नको. उघड्यावर ठेवायचा, सकाळी साडेआठला पट्टी घालून खोली मोजायची. दहा मिलिमीटर खोली म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. बस.

बाटलीवर नरसाळं बसवलं असेल तर थोडं गणित. नरसाळ्याचं तोंड २० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणून ३१४ मिलिलिटर पाणी साठलं की दहा मिलिमीटर पाऊस. किराणा दुकानातलं मापटं पुरतं.

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. एकरावर चार हजार लिटरच्या वर, जवळपास एक लहान टँकर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्र्याण्णव लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की "काल पंचवीस मिलिमीटर झाला" याचं वजन कळतं.

जागा महत्त्वाची, आणि इथे मी स्वतः खाल्लेली माती सांगतो. पहिली चार वर्षं माझा मापक अंगणात पेरूच्या झाडापासून सहा-सात फुटांवर होता. ठेवला तेव्हा झाड छातीएवढं होतं. झाड वाढत गेलं, मी रोज निष्ठेने नोंदी करत गेलो आणि माझ्या वहीत नाशिकचा पाऊस दर वर्षी कमी होत गेला. मी तर चारचौघांत सांगायलाही लागलो होतो, की हवामान बदलतंय, माझ्याकडे पुरावा आहे. शेवटी मेव्हण्याने एका दुपारी चहा पिता पिता वर बघितलं आणि विचारलं, "भाऊजी, या फांदीचं पाणी कुठं जातं?" ती चार वर्षं आता वहीत लाल पेनने खोडलेली आहेत.

नियम असा की अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक. तोंड जमिनीपासून साधारण फूटभर वर, म्हणजे उडालेलं पाणी आत येत नाही. गच्चीवर ठेवला तर वारा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी येतो. पण गच्चीशिवाय दुसरी जागाच नसेल तर तिथे ठेवा, फक्त दर वर्षी तिथेच ठेवा. नरसाळ्यात जाळी बसवा. पहिल्या पावसाआधी उघडून बघा, कारण कोळ्याला आणि गांधीलमाशीला ती जागा फार आवडते. एकदा माझ्याकडे बेडूक निघाला होता. त्या दिवशीचा आकडा मी वहीत "अंदाजे" म्हणून लिहिलाय.

पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे: रिकामा रकाना म्हणजे तुम्ही लग्नाला गेला होता.

पेपरमधला आकडा आणि माझा जुळत नाही. कोण खोटं?

बहुतेक कुणीच नाही. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ चालतो. ५ तारखेच्या नोंदीतला पाऊस बराचसा ४ तारखेला पडलेला असतो. आधी तेवढं तपासा. मग अंतर बघा: पंचवटीत धो धो आणि इंदिरानगरला रस्ते कोरडे, हे जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये नेहमीचं. महसूल मंडळनिहाय आकडे राज्याच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात, मंडळामंडळांत महावेधची स्वयंचलित केंद्रंही बसवलेली आहेत. काही केंद्रांच्या आजूबाजूची झाडी बघून मला माझा पेरू आठवतो, पण तो वेगळा विषय.

नक्षत्रांवर विश्वास ठेवायचा का? यंदा वाहन म्हैस आहे.

नक्षत्र म्हणजे शेतकऱ्याची दिनदर्शिका. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, त्यामुळे मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाळ्याची पंधरवड्यांत केलेली वाटणी झाली. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सासूंचा, सुनांचा ही नावं उगीच पडलेली नाहीत. कुठल्या पंधरवड्यात सर कशी येते हे पिढ्यान्‌पिढ्या बघून ठेवलेलं आहे. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" हे रब्बीच्या ओलाव्याबद्दलचं शहाणपण आहे. अर्थात ते म्हणणाऱ्याच्या शेतात ज्वारी-हरभरा होता, फुलोऱ्यातली द्राक्षं नव्हती.

वाहन, म्हणजे नक्षत्राला जोडलेला प्राणी, मात्र पंचांगातल्या हिशेबाने निघतं, त्यात त्या वर्षीच्या समुद्राचा आणि वाऱ्याचा काही भाग नाही. म्हैस असो की उंदीर, पेरणी वापशावर करा. आणि एक गंमत: नक्षत्रांची तारीख इंग्रजी तारखेच्या तुलनेत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. शिवकाळातला मृग आपल्या ७ जूनच्या चार-पाच दिवस आधी लागत असणार.

ऑगस्टमध्ये पाऊस गायब होतो, तेव्हा काय झालेलं असतं?

मान्सूनचा आस, म्हणजे राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंतचा कमी दाबाचा पट्टा, उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. मग तिकडे पूर आणि इकडे खंड. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खंड किती लांबेल याचा अंदाज गुरुवारच्या त्या विस्तारित अंदाजातून येतो, आणि माझ्या मते वर्षभरातला त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच. येवल्याच्या मक्याला एक संरक्षित पाणी द्यायचं की आठवडाभर थांबायचं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं.

परतीचा पाऊस कधी थांबणार? द्राक्षाची छाटणी धरायची आहे.

हा प्रश्न सप्टेंबरात दिवसाला पाच वेळा येतो, आणि खरं सांगायचं तर मी ज्यासाठी मापक ठेवतो तो प्रश्न हाच.

माघार राजस्थानातून सुरू होते, सरासरी १७ सप्टेंबरला. पूर्वी १ सप्टेंबर धरत. २०२०मध्ये नव्या नोंदींवरून तारखा बदलल्या. मुंबईतून माघारीची तारीख आता ८ ऑक्टोबर आहे, आधी सप्टेंबरअखेर होती. म्हणजे मधल्या काळात पाऊस आपल्या छाटणीच्या हंगामात आणखी आत शिरलाय, हे कागदावरही मान्य झालं.

परतीच्या पावसाची चाल वेगळी. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, चारनंतर पूर्वेकडून काळं आभाळ, तासाभरात वीज-गारवा-धार आणि रात्री चांदणं. जुलैच्या पावसापेक्षा मिलिमीटर कमी, नासाडी जास्त. पोंगा अवस्थेत (कोंब फुटताना) पाऊस आला की डावणी हा बुरशीचा रोग, फुलोऱ्यात आला की गळ आणि कुज. पानं रात्रभर ओली राहिली की सकाळी फवारणीला ट्रॅक्टर बागेत जात नाही, कारण चिखल. आणि फवारणी एक दिवस लांबली की रोग दोन दिवस पुढे.

२०१९ला तर माघारच ९ ऑक्टोबरला सुरू झाली, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. त्यानंतर अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी लागोपाठ दोन चक्रीवादळं. नोव्हेंबर उजाडला तरी बागा ओल्याच. मेव्हण्याने लवकर छाटलेला दीड एकर त्या वर्षी पुरता गेला, उशिरा छाटलेला एक एकर वाचला. तेव्हापासून तो सगळी बाग एका आठवड्यात छाटत नाही, तीन टप्प्यांत छाटतो. बाजारभावाच्या दृष्टीने हे सोयीचं नाही, मजूर पुन्हा पुन्हा बोलवावे लागतात. पण छाटणीनंतर महिनाभराने, फुलोऱ्याच्या वेळी, आभाळ कसं असेल हे आजचं कुठलंही मॉडेल तुम्हाला नेमकं सांगू शकत नाही. पाच दिवसांचं बऱ्यापैकी सांगतं. म्हणून छाटणीची तारीख टप्प्यांनी ठरवा आणि फवारणीची तारीख अंदाज बघून.

नोव्हेंबर-डिसेंबरातली गारपीट मान्सूनची नव्हे. तिची कारणं वेगळी, पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या पश्चिमी झंझावाताची. तिचे शिव्याशाप मान्सूनला देऊ नका.

यूट्यूबवर एकजण तारीखवार सांगतात, त्यांचं बरोबर येतं.

जुलैमध्ये "१२ ते १८ दरम्यान राज्यात चांगला पाऊस" असं मीही सांगू शकतो आणि दहापैकी आठ वेळा बरोबर येईन. एक वही करा. ते बोलले त्या दिवशी लिहून ठेवा, पुढे तुमच्या मापकात काय आलं ते समोर लिहा. बरोबर आलेले आपल्या लक्षात राहतात, चुकलेले व्हिडिओ कुणी परत बघत नाही. हवामान खात्यालाही हीच वही लावा, मी लावतो.

पाऊस चांगला झाला तरी जायकवाडीला पाणी का सोडायचं?

हा पावसाचा कमी आणि वाटपाचा जास्त प्रश्न. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या धरणांत समन्यायी वाटपाचं कलम आहे. मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरची स्थिती बघतात. जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी द्यावं लागतं. म्हणून सप्टेंबरअखेरीस नाशिकमध्ये लोक पैठणकडचा पाऊस बघतात. तिकडे पडला तर आपली धरणं वाचतात. बाकीचं तुम्ही जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत बोला.

तुमच्या मापकात यंदा एकूण किती झाला?

सकाळी साडेआठनंतर विचारा. त्याआधी फोन केलात तर कालचाच आकडा मिळेल.